‘काढणे’ : बीड जिल्ह्यातील गर्भाशय-शस्त्रक्रियांच्या संशोधनाची भाषा

सार्वजनिक आरोग्याच्या संशोधनात गेल्या अर्धशतकात तीन कल्पनांना मोठे स्थान मिळाले आहे : सेवेची गुणवत्ता, रुग्णाची सुरक्षितता आणि आरोग्यातील समन्याय. पहिल्या कल्पनेला अव्हेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ साली रचना, प्रक्रिया आणि फलित अशी तिहेरी मांडणी दिली. दुसरी सर्वतोमुखी झाली ती अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या १९९९ सालच्या अहवालामुळे. वैद्यकीय चुकांमुळे त्या देशाच्या रुग्णालयांत दरवर्षी ४४,००० ते ९८,००० माणसे दगावत असावीत असा त्यात अंदाज होता. तिसरीची व्याख्या मार्गारेट व्हाइटहेड यांनी १९९० च्या सुमारास केली. जी विषमता अनावश्यक, टाळता येण्याजोगी आणि अन्याय्य असेल तिलाच त्यांनी समन्यायाचा भंग म्हटले. मराठीत ह्या तिन्ही कल्पना भाषांतराच्या वाटेने आल्या. त्यामुळे शब्द आले, परंतु त्यांच्यामागे वापराची परंपरा आली नाही. ‘गुणवत्ता’ म्हटले की मराठी माणसाला अजूनही शालान्त परीक्षेची यादीच आठवते, हे परिभाषा घडविणाऱ्यांनी विसरू नये.

तथापि परिभाषा ओबडधोबड आहे एवढ्यावरून संशोधनाला दोष देणे योग्य नव्हे. प्रश्न अधिक खोल आहे. ज्यांच्याविषयी हे संशोधन होते त्यांची भाषा आणि ज्यांत ते नोंदले जाते ते प्रश्नपत्रिकेचे रकाने यांच्यामध्ये काय गळून पडते, हा तो प्रश्न होय. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांची चौकशी त्याच्या परीक्षणासाठी जितकी उपयुक्त आहे तितके दुसरे उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

ह्या प्रकरणाची बाह्य हकीकत सर्वज्ञात आहे. बालाघाटाच्या रांगेवरील आणि पायथ्याच्या कोरडवाहू गावांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे ऊसतोडीस निघतात आणि हंगाम संपेपर्यंत पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांच्या परिसरात कोप्या टाकून राहतात. २०१९ च्या एप्रिलमध्ये वृत्तपत्रांतून असे प्रसिद्ध झाले की, ह्या गावांतील कितीतरी स्त्रियांची गर्भाशये ऐन तिशीतच काढली गेली आहेत. हाजीपूर व वंजारवाडी ही नावे तेव्हा देशभर झाली. त्याच वर्षी जूनमध्ये तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत सांगितले की, बीड जिल्ह्यातील ९९ खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या. पुढे विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली असता त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. खासगी रुग्णालयाने अशी शस्त्रक्रिया करण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकाची परवानगी घ्यावी, असा निर्बंधही जिल्ह्यात घालण्यात आला.

आता ह्या दोन आकड्यांकडे पाहावे. ४,६०५ हा आकडा घटनांचा आहे. त्यात ऊसतोड करणाऱ्या व न करणाऱ्या अशा सर्वच स्त्रिया येतात, परंतु काळ तीन वर्षांचाच आहे आणि सरकारी रुग्णालये वगळलेली आहेत. १३,८६१ हा आकडा स्त्रियांचा आहे. त्यात काळाला मर्यादा नाही, परंतु व्यवसायाला आहे. पहिला आकडा वेग सांगतो, दुसरा साठा. तरीही नंतरच्या लेखनात हे दोन्ही आकडे एकमेकांच्या पुष्ट्यर्थ असे काही उद्धृत होऊ लागले की जणू ते एकाच मोजणीची दोन पाने होत. समितीच्या पाहणीतून निघणारे सुमारे १६.८ टक्के हे प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या आकड्यांशेजारी ठेवले की ते भयावह दिसते. २०१५-१६ च्या त्या चौथ्या पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण देशात ३.२ टक्के व महाराष्ट्रात २.६ टक्के होते. फरक मोठा आहे यात शंका नाही. परंतु वयोगट सारखे केल्याशिवाय तो नेमका किती मोठा हे ठरत नाही. कारण गर्भाशय एकदा गेले की परत येत नाही, आणि म्हणून पाहणीत वयस्क स्त्रियांचा भरणा जितका अधिक तितके प्रमाण आपोआप चढते. ही शंका काढणे म्हणजे प्रकरण सौम्य करणे नव्हे. उलट, असल्या सैल तुलनेनेच खासगी वैद्यांच्या समर्थकांच्या हाती एक सोपे उत्तर दिले.

मोजणीचा दुसरा घोळ एका शब्दात आहे. ऊसतोडीच्या व्यवहारात मजुराचे एकक ‘कोयता’ हे आहे. एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक जोडी; एकटा माणूस असेल तर तो ‘अर्धा कोयता’. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, हिशेब होतो तो कोयत्याचा. ज्या व्यवहारात स्त्री ही स्वतंत्र संख्या म्हणून अस्तित्वातच नाही, त्या व्यवहाराच्या वह्यांतून ‘महिला ऊसतोड कामगार’ हा छेद उभा करावयाचा तो कसा? समितीला घरोघर पाहणी करावी लागली याचे एक कारण हे असले पाहिजे. कोयत्यातील स्त्री मोजली जात नाही ती सर्वत्र नव्हे. एका ठिकाणी मात्र ती नेमकी मोजली जाते. पाळीच्या त्रासाने किंवा दुखण्याने ती एक दिवस कामावर गेली नाही तर ‘खाडा’ पडतो आणि त्या दिवसाचा दंड जोडीच्या हिशेबातून वळता होतो. २०१९ मधील वृत्तांतांत हा दंड दिवसाला ५०० रुपये सांगितला आहे. मजुरीत अदृश्य, दंडात दृश्य, अशी ही गणना आहे. समन्यायावर लिहिणाऱ्या संशोधकाने उत्पन्नगट आणि जात यांचे तक्ते करण्यापूर्वी हा एक शब्द नीट वाचला असता तर पुष्कळ काही हाती लागले असते.

मोजणीनंतर कारणांचा प्रश्न येतो. राष्ट्रीय पाहणीत गर्भाशय काढल्याचे कारण विचारले जाते आणि उत्तर ठरावीक पर्यायांत नोंदले जाते : अतिरक्तस्राव किंवा वेदना, गाठी, अंग बाहेर येणे, कर्करोग, स्राव इत्यादी. हे सगळे पर्याय शरीराच्या आतले आहेत. कामाच्या ठिकाणी न्हाणीघर नसणे, खाड्याची धास्ती, वैद्याने घातलेली भीती, शेजारणीचा अनुभव, ह्यांना यादीत जागा नाही. ती ‘इतर’ ह्या रकान्यात जाऊन विरतात. देशभरच्या पाहणीला यादी लहानच ठेवावी लागते हे मान्य करूनही असे म्हणावे लागते की, प्रश्नाची अशी बांधणी उत्तर आधीच ठरवून टाकते. कारण शरीरात शोधले की ते शरीरातच सापडते.

त्यातही भाषेची एक अडचण आहे. मराठवाड्यातच नव्हे तर बहुतेक ग्रामीण महाराष्ट्रात स्त्रिया ‘अंगावरून जाते’ असे म्हणतात. हा प्रयोग पांढऱ्या स्रावालाही लागतो आणि रक्तस्रावालाही. ‘पांढरे’ की ‘लाल’ हे विशेषण बोलणारी लावते किंवा लाजेखातर गाळते. जुन्या वैद्यकात ह्यांना श्वेतप्रदर व रक्तप्रदर अशी दोन वेगळी नावे आहेत, आणि वेगळी असण्यास कारणही आहे. पांढरा स्राव कित्येकदा अगदी स्वाभाविक असतो. दुर्गंध, खाज अशी लक्षणे असली तर तो बहुधा जंतुसंसर्गाचा असतो व औषधाने बरा होतो. रक्तस्रावाची चिकित्सा निराळी. तिच्यातही शस्त्रक्रियेपूर्वी गोळ्या, संप्रेरके आणि गर्भाशयात बसविण्याची औषधयुक्त साधने ह्या पायऱ्या आहेत. विचारणाऱ्याने ‘अंगावरून’ एवढेच ऐकले आणि पुढचा रकाना भरला, तर दोन निराळी दुखणी एक होतात, आणि ज्या दुखण्याला पंधरवड्याच्या औषधाने उतार पडला असता तेही शस्त्रक्रियेच्या समर्थनार्थ उभे राहते.

हा धोका नवा नाही, आणि तो टाळता येतो हेही महाराष्ट्रातच दाखवून दिले गेले आहे. राणी बंग व अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत केलेला अभ्यास १९८९ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग होते. आणि यापूर्वी कधी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. त्या अभ्यासाचे महत्त्व सामान्यतः ९२ ह्या आकड्यावरून सांगितले जाते. वस्तुतः ८ हा आकडा अधिक बोलका आहे. ज्या समाजात दुखण्याचे प्रमाण एवढे आणि विचारपूस एवढीशी, तेथे पहिलीच विचारपूस करणारा माणूस काय बोलतो यावर सर्व काही अवलंबून राहते. गडचिरोलीत विचारपूस करणारे संशोधक होते. बीडमध्ये बहुतेक वेळा ते खासगी रुग्णालय होते.

ह्या पहिल्या संभाषणात जो शब्द येतो तो ‘पिशवी’. गर्भाशय हा शब्द कागदावरचा; दवाखान्यात वैद्यही ‘पिशवी’च म्हणतो, आणि त्यात गैर काही नाही, कारण रुग्णाला समजेल असेच बोलले पाहिजे. परंतु रूपक आपले काम गुपचूप करीत असते. पिशवी ही वस्तू आहे. ती भरते, रिकामी होते, फाटते, नासते, आणि तिचे काम संपले की ती टाकून देतात. आशय म्हणजे आश्रयस्थान. पिशवी म्हणजे साधन. अल्पवयात विवाह, विशी ओलांडते न ओलांडते तोच दोन-तीन मुले आणि कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया असा आयुष्यक्रम जेथे आहे, तेथे ‘आता पिशवीचे काय काम?’ हा प्रश्न रूपकाच्या पोटातूनच बाहेर पडतो. त्याला उत्तर म्हणून अंडाशय, संप्रेरके, हाडांची झीज, अकाली येणारी रजोनिवृत्ती ह्या गोष्टी सांगावयाच्या तर त्या पिशवीच्या रूपकात बसत नाहीत. गर्भाशयाबरोबर अंडाशयेही गेली तर पाळी जाण्याचे वय एका दिवसात येऊन ठेपते. अंडाशये राखली तरी ते लवकर येण्याचा संभव असतो. ज्या बाईला पुढे वीस वर्षे डोक्यावर मोळी वाहावयाची आहे, तिच्या हाडांचा प्रश्न हा काही दुय्यम प्रश्न नव्हे.

‘पिशवी खराब झाली आहे, कॅन्सर होईल’ ह्या आशयाचे बोलणे ऐकल्याचे स्त्रियांनी २०१९ मध्ये व नंतरही वार्ताहरांना आणि अभ्यासकांना वारंवार सांगितले आहे. येथे व्याकरणाच्या अभ्यासकाने थांबले पाहिजे. ‘होईल’ हे मराठीत भविष्यही सांगते आणि शक्यताही. ‘पाऊस येईल’ यात निश्चय आहे की अंदाज, हे स्वरावरून कळते, शब्दावरून नव्हे. वैद्याने शक्यता सांगितली आणि रुग्णाने भविष्य ऐकले, असे घडू शकते. वैद्याने शक्यताही नसताना भविष्य सांगितले, असेही घडू शकते. कोणत्याही प्रश्नपत्रिकेत ‘वैद्याने कर्करोगाची भीती सांगितली काय? होय / नाही’ असा रकाना ठेवून हा भेद पकडता येणार नाही. बोललेले वाक्यच नोंदले पाहिजे.

परंतु ह्या सर्वांहून अधिक लक्ष वेधून घेणारा धातू ‘काढणे’ हा आहे. बीडच्या बोलीत, आणि प्रमाण मराठीतही, बाई म्हणते : ‘मी पिशवी काढली.’ व्याकरणदृष्ट्या ‘मी’ हा कर्ता आहे. वास्तवात कर्ता वैद्य आहे. मराठीला यात विचित्र काही वाटत नाही. ‘मी दात काढला’, ‘मी केस कापले’, ‘तिने ऑपरेशन केले’, ‘त्याने घर बांधले’ ही सर्व वाक्ये त्याच जातीची होत. जो करवून घेतो तोच करतो असे मराठी मानते. ‘करविणे’ हे प्रयोजक रूप उपलब्ध असूनही रोजच्या बोलण्यात ते फारसे वापरले जात नाही. अशा वाक्यांत वैद्य, न्हावी आणि गवंडी हे सारखेच अदृश्य असतात. न्हाव्याच्या व गवंड्याच्या बाबतीत त्याने काही बिघडत नाही, कारण केस कापावयाचे की नाही हे गिऱ्हाईकच ठरवितो. वैद्याच्या बाबतीत मात्र नेमका तोच प्रश्न असतो. संशोधकाने विचारले, ‘निर्णय कोणाचा?’ आणि उत्तर आले, ‘मीच काढली’. तर ‘स्वतःचा निर्णय’ ह्या रकान्यात खूण होते. ती खूण मराठीच्या वाक्यरचनेची आहे. तीवरून बाईच्या स्वेच्छेचा पुरावा निघत नाही.

‘काढून घेणे’ ह्या संयुक्त क्रियापदाने गुंता आणखी वाढतो. ‘घेणे’ हा साहाय्यक धातू क्रियेचे फळ कर्त्याकडे वळवितो. मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पासून (१९११) मराठी व्याकरणकारांनी संयुक्त क्रियापदांचा पुष्कळ खल केला आहे, त्याची येथे पुनरुक्ती नको. येथे एवढेच पुरे की, ‘तिने पिशवी काढून घेतली’ ह्यात फळ तिला मिळते, आणि ‘तिची पिशवी काढून घेतली’ ह्यात तिच्याजवळचे काही हिरावले जाते. एका विभक्तीचा फरक. बोलताना ‘तिने’ आणि ‘तिची’ ही दोन्ही पदे गळतात व ‘पिशवी काढून घेतली’ एवढेच उरते. बीडवर लिहिणाऱ्यांत दोन पक्ष आहेत. एक म्हणतो स्त्रिया स्वतःहून गेल्या, दुसरा म्हणतो त्यांच्यावर ती लादली गेली. दोन्ही पक्षांना आपापला पुरावा ह्याच तीन शब्दांत सापडतो, आणि दोघेही ते आपापल्या विभक्तीने पुरे करून घेतात.

त्याच धातूचे आणखी प्रयोग पाहावेत. बाई दुखणे ‘अंगावर काढते’, म्हणजे उपचाराविना सोसते. हंगाम ‘काढते’. मग कर्ज ‘काढते’, आणि त्या पैशाने पिशवी ‘काढते’. आंध्र प्रदेश, बिहार, छत्तीसगड ह्या राज्यांतील तत्सम प्रकरणांत सरकारी विमायोजनेचा पैसा हे वैद्यकीय लोभाचे मोठे निमित्त ठरले होते. बीडमध्ये स्त्रियांनी स्वतःच्या पदरचा, म्हणजे बहुधा उसना किंवा उचलीचा, पैसा खर्च केल्याचे वृत्तांत सांगतात. आणि ती उचल फेडावयास पुन्हा उसाच्या फडातच जावे लागते. अंगावर काढण्यापासून पिशवी काढण्यापर्यंतचा हा प्रवास एकच आहे. संशोधनाचे हत्यार मात्र त्यातील शेवटचा ‘काढणे’ तेवढा मोजते. पहिला ‘काढणे’ किती महिने चालला, त्या काळात आरोग्य उपकेंद्रात कोणी काय विचारले, कोणते औषध किती दिवस मिळाले, हे विचारले जात नाही तोवर सेवेच्या गुणवत्तेचे संशोधन झाले असे म्हणता येणार नाही. ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ साली मांडलेला व्यस्त सेवेचा नियम प्रसिद्ध आहे : जेथे गरज अधिक तेथे चांगली सेवा कमी. बीडने त्याला एक पुरवणी जोडली आहे. जेथे साधी सेवा कमी, तेथे मोठी शस्त्रक्रिया अधिक. आद्यकवी मुकुंदराजांची समाधी जेथे दाखविली जाते त्या अंबाजोगाईत १९७४ पासून स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे; तेव्हा जिल्ह्यात वैद्यकविद्या नव्हती असेही म्हणण्याची सोय नाही. विद्या होती, ती कोपीपर्यंत आली नाही.

‘संमती’चा विचारही ह्याच अनुषंगाने केला पाहिजे. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा ह्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये दिलेला निर्णय ह्या बाबतीत मूलभूत आहे, आणि योगायोगाने तोही गर्भाशय काढण्याविषयीचाच आहे. रुग्णाने तपासणीपुरती संमती दिली होती. ती भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय व अंडाशये काढण्यात आली. न्यायालयाने ती संमती ग्राह्य धरली नाही, आणि संमती खरी ठरण्यासाठी उपचाराचे स्वरूप, त्यातील धोके व त्याला असलेले पर्याय यांची पुरेशी माहिती रुग्णाला दिली पाहिजे असे सांगितले. पर्याय हा त्यातला कळीचा शब्द. बीडच्या रुग्णालयांत सही किंवा अंगठा नसेल असे नाही. कागद बहुधा पुरे असतील. परंतु ज्या संभाषणात ‘पिशवी काढा’ आणि ‘कॅन्सर होईल’ एवढेच दोन विकल्प मांडले गेले, त्यात पर्याय मांडला गेला असे कोणता भाषाशास्त्रज्ञ म्हणेल? भीतीला पर्यायाचे व्याकरण चढविले की तो पर्याय होत नाही.

सुरक्षिततेच्या संशोधनाची उणीव येथे उघडी पडते. त्याची मापे शस्त्रक्रियेपासून सुरू होतात : जखम चिघळली काय, रक्त चढवावे लागले काय, रुग्ण दगावला काय. निष्णात हाताने, स्वच्छ खोलीत, नीट भूल देऊन जे गर्भाशय विनाकारण काढले गेले ते ह्या मापांत यशस्वी शस्त्रक्रिया ठरते. रचना ठीक, प्रक्रिया ठीक, फलित ठीक. जी हानी झाली ती अवयव जाण्याचीच आहे, आणि तीच तर शस्त्रक्रियेची व्याख्या! यातून सुटण्याचा मार्ग ‘अनावश्यक’ ह्या विशेषणातून जातो, आणि ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर दिलेल्या निर्णयाने ते विशेषण कायद्याच्या भाषेत रुजविले. बिहार, छत्तीसगड व राजस्थानातील प्रकरणांवरची ती याचिका होती. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२२ मध्ये अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केलेली मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी तीन महिन्यांत अमलात आणावीत असा आदेश तीत झाला. राष्ट्र, राज्य व जिल्हा ह्या पातळ्यांवर देखरेख समित्या ही त्यांतील मुख्य तरतूद होय.

तरतूद चांगलीच आहे. परंतु ‘अनावश्यक’ म्हणजे कोणाला अनावश्यक? वैद्यकात आवश्यकता ही रोगाची असते. मराठीत ‘गरज’ ही माणसाची असते. ज्या बाईचा दर महिन्याला दोन-तीन दिवसांचा खाडा वाचतो, फडात पाण्याची सोय नसताना घड्या बदलण्याची विवंचना संपते, तिला शस्त्रक्रियेची ‘गरज होती काय’ असे विचारले तर ती होय म्हणेल, आणि ते खोटे नसेल. ती गरज मुकादमाच्या हिशेबाने आणि कारखान्याच्या हंगामाने निर्माण केली असेल. परंतु ती तिला जाणवते आहे. देखरेख समिती वैद्यकीय कागद तपासून म्हणेल, अनावश्यक. दोघींपैकी चूक कोण? व्हाइटहेड यांच्या व्याख्येतील पहिला शब्दही ‘अनावश्यक’च आहे, परंतु तो विषमतेला लागतो, शस्त्रक्रियेला नव्हे. बीडमध्ये जी विषमता अनावश्यक आहे तिच्यामुळे शस्त्रक्रिया आवश्यक वाटू लागते. हा संबंध ज्याला दिसत नाही तो एकतर बाईला अडाणी ठरवितो किंवा वैद्याला एकट्यालाच राक्षस.

दुसऱ्या बाजूचाही विचार केला पाहिजे. भाषेकडे पाहणाऱ्याला सर्वत्र भाषाच दिसू लागते, असा आक्षेप घेता येईल. शब्द नीट केले म्हणून कोपीत न्हाणीघर होणार नाही, हे खरेच आहे. शिवाय स्त्रियांच्या प्रत्येक ‘मी काढली’ला व्याकरणाचा भ्रम ठरविले तर त्यांच्या तोंडून त्यांचे कर्तेपणच काढून घेतल्यासारखे होईल. ह्या दुसऱ्या आक्षेपात तथ्य आहे. २०१९ मध्ये ‘गर्भाशय नसलेल्या स्त्रियांची गावे’ असा मथळा जेव्हा रूढ झाला, तेव्हा त्या गावांतील स्त्रिया एका अभावाच्या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या. २०११ च्या जनगणनेत दर हजार मुलग्यांमागे अवघ्या ८०७ मुली नोंदल्या गेल्यापासून हा जिल्हा स्त्रीच्या उदराविषयीच्या बातम्यांना सरावलेला आहे. दोन्ही वेळा स्त्री बातमीचा विषय झाली, तिचे वाक्य बातमीत क्वचितच आले. आक्षेपाचे उत्तरही तेथेच आहे. वाक्य पुरे ऐकावे असे म्हणणे म्हणजे बोलणारीवर अविश्वास दाखविणे नव्हे. ‘मी काढली’ ह्या उत्तरानंतर ‘काढायचे पहिल्यांदा कोण म्हणाले?’ एवढे विचारले की कर्तेपण तिच्याकडेच राहते, आणि वैद्य, नवरा, सासू, मुकादम, शेजारीण ह्यांपैकी जे कोणी वाक्याबाहेर उभे होते ते आत येतात.

अशी पाहणी करणे फारसे अवघड नाही. प्रश्नपत्रिका आधी मराठीत, तीही जिल्ह्याच्या बोलीत, रचावी आणि मग हवी तर इंग्रजीत न्यावी. आज बहुधा उलट घडते. ‘अंगावरून’ ह्या उत्तरापुढे रंग, वास आणि काळ विचारावा. कारणाचा रकाना वैद्याच्या शब्दांसाठी निराळा आणि बाईच्या शब्दांसाठी निराळा असावा. दोहोंतील अंतर हेच गुणवत्तेचे एक माप ठरेल. शस्त्रक्रियेपूर्वी किती महिने दुखणे अंगावर काढले आणि त्या काळात कोणते उपचार झाले, हे वेगळे लिहावे. काढलेला अवयव सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्यास पाठविला होता काय, आणि त्याचा अहवाल बाईला तिच्या भाषेत मिळाला काय, हेही विचारावे. वैद्याने बोललेल्या ‘कॅन्सर होईल’ ह्या वाक्याचा पडताळा घेता येईल असा तोच एक कागद आहे. ज्या घरांत रुग्णालयाची धारिका आहे तेथे ती पत्र्याच्या पेटीत, शिधापत्रिकेशेजारी, जपून ठेवलेली असते. ती इंग्रजीत असते, आणि जिने ती जपली आहे तिला ती बहुधा वाचता येत नाही.